आधी पायी, मग सायकलवर

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही पाच जणांनी खाडीपलीकडच्या एका अभयारण्यात, रीतसर परवानगी काढून, साडेअकरा किलोमीटरच्या जंगलवाटेवर सायकल चालवली. परतल्यापासून सोसायटीत, ऑफिसात, लोकलच्या डब्यातल्या मैत्रिणींकडून एकच प्रश्न येतो आहे: "परवानगी मिळते? कुठे जायचं? किती दिवस लागतात?" दर वेळी तोंडी सांगताना काहीतरी सुटतं. माझ्या वहीत तारखांसकट नोंदी आहेत, त्या समोर ठेवून हे लिहिते आहे.

वाटेचं नाव मात्र देत नाही. ती वाट दोन पाड्यांच्या दारातून जाते आणि आम्हाला दिलेली परवानगी एका सकाळपुरती होती. नाव वाचून कुणी नुसतीच सायकल उचलून तिथे पोचावं, असं मला नको आहे.

मी बोरिवलीला राहते, बँकेत नोकरी करते, वय ४६. सायकल हाती आली ती लॉकडाऊन उठल्यावर, नॅशनल पार्कात, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात. गेटपासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत साधारण सहा किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे आणि शेवटचा चढ दम काढतो. सोमवारी पार्क बंद असतं, तेवढा वार सोडून जमेल तेव्हा मी जायचे. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पायवाटा फुटतात. पावसाळा संपता संपता त्यांच्यावर पानं पडलेली असतात, एखादी वाट ओहोळाकडे उतरताना दिसते, आणि आपण डांबरावरून पुढे निघून जातो. दोन वर्षं मी त्या वाटांकडे बघत होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये पार्कातल्या एका वनरक्षकांना मी सरळ विचारलं, "दादा, या वाटांवर सायकल चालते का?" ते म्हणाले, "नाही ताई. रस्ता सोडायचा नाही. अभयारण्य असो की राष्ट्रीय उद्यान, आतल्या वाटेला परवानगी लागते." घरी येऊन कायदा वाचला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. त्याच्या कलम २७ मध्ये अभयारण्यात कोण प्रवेश करू शकतो ते आहे, आणि कलम २८ मध्ये परवाना कोणकोणत्या कारणांसाठी देता येतो ते आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या लोकांशी कायदेशीर व्यवहार. 'पर्यटन' हा एक शब्द मी पेन्सिलने अधोरेखित केला. म्हणजे विचारायला जागा होती.

पण आधी सायकल हवी होती. माझी जुनी सायकल पातळ टायरची, शहरातली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुलुंडच्या एका मुलाची वापरलेली माउंटन बाइक १३,५०० रुपयांना घेतली. तो परदेशी शिकायला निघाला होता. माझी उंची पाच फूट तीन इंच, म्हणून फ्रेम १६ इंची बघितली. पहिल्यांदा घेणाऱ्यांनी रंग, गिअरची संख्या यांच्या आधी फ्रेमचं माप बघावं. सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहिल्यावर मधल्या दांड्यात आणि आपल्यात चार बोटं अंतर राहिलं पाहिजे, कारण जंगलात उतरावं लागतं ते अचानक. पुढच्या फोर्कचं सस्पेन्शन हाताने दाबून बघितलं, तेल झिरपत नव्हतं. डिस्क ब्रेकचे पॅड संपले होते. पॅड, दोन नवे खाचदार टायर, केबली आणि सर्व्हिसिंग मिळून ३,८०० रुपये गेले. हेल्मेट १,८००, हातमोजे आणि गुडघ्याची पॅडं १,४५०. हेल्मेट वापरलेलं घेऊ नका. एकदा आदळलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी आतला थर दबलेला असू शकतो.

सरावासाठी रविवारी पहाटे गोराईची बोट पकडायची, सायकल बोटीत चढवायची आणि उत्तनच्या बाजूला जायचं. तिथे टेकडीच्या अंगाला मुरमाड उतार आहेत. शिकवायला ऑफिसातल्या मैत्रिणीचा मुलगा होता, कॉलेजात आहे, बरीच वर्षं डोंगरात सायकल चालवतो. त्याने पहिल्या दिवशी सांगितलेल्या चार गोष्टी मी अजून प्रत्येक उतारावर मनात म्हणते. दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवून त्यांवर उभं राहायचं, सीटवर बसायचं नाही. कोपरं वाकलेली, कंबर मागे. ब्रेकवर एकच बोट. आणि नजर चाकावर ठेवायची नाही, पुढे पाच-सात मीटरवर ठेवायची, कारण सायकल नजर जाते तिकडे जाते. दगडाकडे बघितलं की चाक दगडावरच चढतं. हे वाचून पटत नाही, एकदा करून बघावं लागतं.

टायरमधली हवाही त्यानेच कमी करायला लावली. डांबरावर मी ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवायचे, मुरमावर तो ३० वर आणायचा. टायर थोडं मऊ असलं की खडीला धरून राहतं. फार कमी केलं तर मात्र दगडावर आपटून ट्यूब रिमशी चिमटते आणि एकाच वेळी दोन भोकं पडतात. हे माझ्या बाबतीत दोनदा झालं. ट्यूब बदलायला शिकल्याशिवाय जंगलात जायचं नाही, हा नियम तेव्हाच ठरला.

५ नोव्हेंबरच्या रविवारी मी पडले. सुटी खडी, वळण, घाबरून पुढचा ब्रेक कचकन दाबला आणि पुढचं चाक बाजूला सरकलं. डाव्या हातावर पडले. एक्सरे आणि डॉक्टर मिळून १,१०० रुपये. हाड शाबूत होतं, पण मनगट मुरगळलं होतं आणि तीन आठवडे हात बांधून होता. दिवाळीचा फराळ लेकीने आणि तिच्या बाबांनी केला. त्या तीन आठवड्यांत मला खरी भीती वाटली, पडण्याची नव्हे, तर परत बसायला मन होणार नाही याची. २६ नोव्हेंबरला पार्कात गेले, गेटपासून पहिल्या पुलापर्यंत चालवली आणि परत आले. पुढच्या रविवारी कान्हेरीपर्यंत. असं थोडं थोडं.

हात बांधलेला असतानाच अर्ज लिहिला. पार्कात आडवाटेवर सायकल नाही हे कळलंच होतं. खाडीपलीकडच्या त्या अभयारण्यात जुनी बैलगाडीची वाट आहे, पुढे ती जाळरेषेला मिळते. जाळरेषा म्हणजे वणवा एका तुकड्यातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून गवत-पाचोळा काढून मोकळा ठेवलेला पट्टा. वाट नवीन पाडायची नव्हती, असलेल्या वाटेवरूनच जायचं होतं. अर्जात हे वाक्य मी सर्वांत वर लिहिलं.

१२ डिसेंबर, मंगळवार. अर्धी रजा टाकून वनविभागाच्या कार्यालयात गेले. इथे एक सांगते: राज्य सरकारची कार्यालयं २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत. बँकेला दुसरा-चौथा शनिवार सुट्टी असते म्हणून मी शनिवार धरून चालले होते, तो उपयोगाचा नाही. रजा मोजूनच ठेवा. मला एकूण अडीच रजा लागल्या.

अर्ज मराठीत, दीड पान. विषय, कलमाचा उल्लेख, तारीख, वेळ, माणसं किती, सायकली किती, कुठून कुठे, काय करणार आणि काय करणार नाही. टपाल टेबलावर दोन प्रती दिल्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. ही पोच जपून ठेवा आणि तिचा फोटोही काढून ठेवा. पुढच्या प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न तोच असतो: "आवक क्रमांक सांगा."

दहा दिवस काही नाही. २२ डिसेंबरला फोन आला: नकाशा नाही, सर्वांची ओळखपत्रं नाहीत, हमीपत्र नाही. हमीपत्र म्हटल्यावर मी घाईने १०० रुपयांचा मुद्रांक आणि नोटरी करून घेतली, एकूण ३५० रुपये. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "ताई, याची गरज नव्हती. साध्या कागदावर प्रत्येकाने सही करून दिलं असतं तरी चाललं असतं." काय नमुन्यात हवं ते आधी विचारा. ओळखपत्रांच्या प्रती स्वसाक्षांकित लागतात, म्हणजे प्रतीवर स्वतःची सही. नकाशा मी हाताने काढला: चौकी, पहिला पाडा, तीन ओढे, दुसरा पाडा, जाळरेषा, परत चौकी. २६ डिसेंबरला हे सगळं जमा केलं.

मग कळलं की परवानगीआधी आम्हाला वाट चालून यावी लागेल. वनरक्षकांबरोबर स्थळपाहणी, पूर्ण वाट, पायी. तारीख १० जानेवारी, बुधवार. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. आणखी एक रजा, आणखी एक महिना, आणि वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. तोवर झालं नाही तर थेट पावसाळ्यानंतर. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅलरीत उभी होते. आता मागे वळून बघते तेव्हा या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाचा दिवस तोच होता.

त्या दिवशी मी आणि आमच्या इमारतीतले निवृत्त शिक्षक, आम्ही त्यांना सर म्हणतो, असे दोघं गेलो. वनरक्षक एक तरुण बाई होत्या, माझ्या लेकीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठ्या. सोबत पहिल्या पाड्यातले एक बाबा. साठीच्या पुढचे, हातात कोयता, पायात रबरी चपला. वाट सुरू झाल्यावर पहिल्या शंभर पावलांत मला कळलं की नकाशावर मी काढलेली रेघ आणि ही वाट यांचा फारसा संबंध नाही.

बैलगाडीची चाकोरी आपण शब्द म्हणून रोज वापरतो. ती प्रत्यक्षात कशी असते ते मी तिथे बघितलं: वीतभर खोल, टायरपेक्षा थोडीच रुंद, कडा वाळून दगडासारख्या झालेल्या. सायकलचं चाक तिच्यात उतरलं की हँडल वळवता येत नाही, वळवलं तर माणूस फेकला जातो. तिथे मधल्या उंचवट्यावरूनच जायचं. सागाच्या पाचोळ्याखाली सुटे गोटे होते, वरून काही दिसत नव्हतं. बाबा पायाने पाचोळा सारून दाखवत होते. तिसऱ्या ओढ्याचा काठ उभा आणि भुसभुशीत. वनरक्षक म्हणाल्या, "इथे टायरने उतरलात तर चर पडेल, पावसात त्यातूनच पाणी धावेल. सायकल उचलून न्यायची." मी वहीत लिहून घेतलं.

पहिल्या पाड्यात वाट एका घराच्या खळ्यातून जाते. जिथे भात झोडतात, धान्य वाळत घालतात, तीच जागा. नकाशावर ती नुसती रेघ होती. घरातल्या मावशी बाहेर आल्या. आम्ही काय करणार आहोत ते बाबांनी त्यांना सांगितलं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या, पन कोंबड्या हायेत. उतरून या." त्यांचं म्हणणं वनरक्षकांनीही आपल्या नोंदीत लिहिलं.

पुढे एका उंच झाडावर आग्या मोहोळ होतं. त्याच्या अलीकडे पन्नास पावलं बोलणं बंद, शिट्टी नाही, अंगाला अत्तर नाही. त्याच्याही पुढे शेंदूर लावलेला एक दगड, वाघोबाचा. वारली लोक वाघोबाला मानतात, वाघबारशीला त्याची पूजा करतात. बाबांनी चपला काढल्या, आम्हीही बूट काढले. वाघोबाच्या समोरून सायकलवर बसून जायचं नाही हे त्यांनी सांगितलं नाही, पण ते मीच लिहिलं.

जाळरेषेच्या कडेला कारवीचं रान होतं, डोक्यापेक्षा उंच, नुसत्या काठ्या. "यंदा फुलंल," बाबा म्हणाले. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. मुंबईच्या बाजूला २००८ मध्ये, मग २०१६ मध्ये फुलली होती, म्हणजे हिशेब बरोबर येतो. वाट लहान करायची म्हणून कारवी मोडत जायचं नाही, हे आमच्या यादीत आलं.

साडेअकरा किलोमीटर चालायला पाच तास लागले. परत आलो तेव्हा वहीत अकरा जागा होत्या, जिथे सायकलवरून उतरायचं. प्रत्येकीपुढे खूण: वाकलेलं ऐनाचं झाड, दोन शिळा, तुटका बांध. कुणी मला विचारलं की जंगलात सायकल नेण्याआधी काय करू, तर मी एवढंच सांगेन की ती वाट आधी चाला, तिथल्या माणसाबरोबर चाला, आणि लिहून घ्या. परवानगीला लागतं म्हणून नाही. ही वही नसती तर सायकल चालवली त्या ११ फेब्रुवारीला आमच्यापैकी कुणीतरी चाकोरीत नक्की पडलं असतं.

पाहणीचा अहवाल वर गेला. २५ जानेवारीला मी विचारायला गेले तेव्हा साहेब दौऱ्यावर होते. ३० ला फोन केला, फाइल सहीला होती. त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. २ फेब्रुवारीला, शुक्रवारी, पत्र मिळालं. ११ फेब्रुवारी, सूर्योदयानंतर ते दुपारी १२ पर्यंत, पाच माणसं, पाच सायकली. अर्जाच्या तारखेपासून ५२ दिवस झाले होते. अटी नऊ होत्या. त्यांतल्या काही अशा: वाटाड्याच्या पुढे जायचं नाही, आगपेटी, लायटर, सिगारेट काहीही नाही, स्पीकर आणि ड्रोन नाही, प्लास्टिक जेवढं नेलं तेवढं मोजून परत, सायकलला घंटी हवीच, आणि सात दिवसांत लेखी अहवाल.

घंटीचं कारण वनरक्षकांनी नीट समजावलं. चालणाऱ्या माणसाची चाहूल जनावराला लांबून लागते, ते बाजूला होतं. सायकल आवाज न करता वेगाने येते आणि वळणावर अचानक समोर उभी राहते. भेकर असो, रानडुक्कर असो की बिबट्या, दचकलेलं जनावर कुठेही धाव घेतं. म्हणून आम्ही पाचही हँडलांना घुंगरं बांधली. दादरला १५ रुपयांना एक मिळालं. उतारावर ती आपोआप वाजतात, बोट लावावं लागत नाही.

सायकली न्यायला छोटा हत्ती टेम्पो ठरवला, जाऊन-येऊन ४,००० रुपये. पाच जणांत ८०० पडले. सायकली उभ्या ठेवून मध्ये जुन्या गोधड्या घातल्या, कारण एकीचं पेडल दुसरीच्या डिस्कला लागलं की ती वाकते आणि मग ब्रेक घासत राहतो. गिअरची बाजू फाळक्याकडे येऊ दिली नाही. प्रवेशशुल्क आणि बाबांचे पैसे मिळून १,३५० झाले.

११ फेब्रुवारी, रविवार. पहाटे साडेचारला निघालो. मी, सर, ऑफिसातल्या दोन मैत्रिणी आणि त्यांच्यातल्या एकीचा तो मुलगा. चौकीवर पत्र दाखवलं, नावं लिहिली, प्लास्टिक मोजलं: नऊ बाटल्या-पिशव्या. सव्वासातला बाबा पुढे आणि आम्ही मागे. वनरक्षक दुसऱ्या पाड्यावर भेटणार होत्या.

माणसाच्या चालीने सायकल चालवणं फार कठीण आहे. तोल सांभाळायला वेग लागतो आणि आम्हाला तो नव्हता. पहिला अर्धा तास सगळे थोडं चालवत, थोडं ढकलत होतो. मग बाबांनीच युक्ती काढली. वाट जिथे वळसा घेते तिथे ते मधल्या पायवाटेने सरळ कापून पुढे जायचे, पुढच्या खुणेशी उभे राहायचे आणि एक हाळी द्यायचे. हाळी आली की आम्ही एकेक करून निघायचं, दोघांत वीस मीटर अंतर ठेवून. वाट त्यांनी तेवढ्यातच बघितलेली असायची. त्यांच्या पुढे कुणी गेलं नाही आणि तरी आम्हाला सायकल चालवायला मिळाली.

तिसऱ्या हाळीनंतरचा सातशे-आठशे मीटरचा उतार मी विसरणार नाही. सागाची पानगळ झालेली होती, खालून थंड हवा येत होती. पेडल समांतर, कंबर मागे, नजर पुढे. पाचोळ्यातून चाकं जाताना होणारा आवाज आणि पाच घुंगरं, बाकी काही नाही. एका वळणावर टायर सरकलं, तोच अनुभव, तीच खडी. बोटाने ब्रेक हलका सोडला आणि सायकल सरळ झाली. नोव्हेंबरनंतर प्रथमच मनगटाची आठवण मला नंतर झाली, आधी नाही. खाली बाबांजवळ पोचल्यावर मला रडू आलं. त्यांनी काही विचारलं नाही, पाण्याची बाटली पुढे केली.

खळ्याशी उतरलो. मावशींनी कोंबड्या डालग्याखाली झाकून ठेवल्या होत्या. आम्ही चहाला थांबलो नाही, बारापर्यंतच वेळ होता. मोहोळाशी घुंगरं मुठीत धरली. मोहोळाशी घुंगरं मुठीत धरली. तिसऱ्या ओढ्यावर सायकली दोघा-दोघांनी उचलून नेल्या, त्याला पंचवीस मिनिटं लागली.

ओढ्यापलीकडे बाबा एकदम थांबले आणि हात आडवा केला. वाटेच्या कडेला, करवंदीच्या जाळीत, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर तारेचा फास होता. एक टोक झाडाच्या बुंध्याला बांधलेलं. तार मोटारसायकलच्या क्लचची असावी, बाबा म्हणाले. डुकरासाठी लावतात, अडकतं मात्र काहीही: भेकर, कुत्रं, बिबट्या. १० जानेवारीला तो तिथे नव्हता, बाबांना खात्री होती. मी खाली वाकून बघितलं. तशीच वळलेली पोलादी तार माझ्या ब्रेकमध्ये आहे, तिच्यावर मी त्या सकाळी जीव सोपवला होता. बराच वेळ कुणी बोललं नाही.

मैत्रिणीचा मुलगा फास काढायला पुढे झाला, बाबांनी त्याला थांबवलं. हात लावायचा नाही, आहे तसा वनरक्षकांना दाखवायचा. मी फोटो काढला, आणि सायकलला लावलेल्या मीटरवरचा आकडा वहीत लिहिला: चौकीपासून ५.८ किलोमीटर, डाव्या हाताला. फोनला रेंज नव्हती. दुसऱ्या पाड्यावर पोचून वनरक्षकांना सांगितलं. त्या लगेच दुसऱ्या एका सहकाऱ्याला घेऊन मागे गेल्या, पंचनामा करायला. उरलेली वाट आम्ही हळू गेलो, आणि प्रत्येक जाळीत बघत गेलो. जाळरेषेचा रुंद, मोकळा पट्टा, ज्याची आम्ही इतके दिवस वाट बघितली होती, तो वीस मिनिटांत संपला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी चौकीवर पोचलो. प्लास्टिक मोजलं, नऊच्या नऊ. वाटेत सापडलेल्या सतरा वेफर्सच्या पिशव्या वेगळ्या दिल्या. एका मैत्रिणीची ट्यूब एकदा गेली, सरांच्या गुडघ्याला करवंदीचा ओरखडा, बाकी सगळे धड.

अहवाल सात दिवसांत द्यायचा होता म्हणून १६ तारखेला, शुक्रवारी, लंच टाइममध्ये निघून दोन पानं घेऊन गेले, सोमवारी शिवजयंतीची सुट्टी होती. त्यात ओढ्याचा काठ, मोहोळाची जागा, पिशव्यांचा आकडा आणि फासाचा मजकूर होता. टेबलावरच्या बाईंनी नेहमीप्रमाणे शिक्का मारायला घेतला, मग थांबून दुसरं पान वाचलं आणि आत घेऊन गेल्या. परत आल्या त्या आतल्या साहेबांसह. माझा हातानं काढलेला नकाशा त्यांनी फाइलमधून काढला, पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "५.८ कुठे येतं, तेवढी खूण करा. तारीखही घाला." मी तिसऱ्या ओढ्यापलीकडे फुली मारली. त्याच आठवड्यात त्या पट्ट्यात गस्तीवर गेलेल्यांना आणखी दोन फास मिळाल्याचं त्यांनी सांगितलं.

पोचेवर नवा आवक क्रमांक पडला. तो मी वहीत पहिल्या क्रमांकाच्या खाली लिहून ठेवला आहे. पुढचा अर्ज दसऱ्यानंतर, आणि त्यात माणसांच्या यादीत बाबांचं नाव सर्वांत वर असेल.